डोंगरकुरणांचे राखणदार



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, वैशाखाच्या या उकाड्यात श्रोत्यांना मनाने तरी थंड हवेच्या ठिकाणी न्यावे, एवढाच वक्त्याचा हेतू दिसतो. तो हेतू अगदीच नाही असे मी म्हणत नाही. परंतु युरोपातील डोंगरांवरच्या कुरणांची हकीगत आपल्यापुढे मांडावीशी वाटते ती निराळ्याच कारणासाठी. निसर्गाचे रक्षण कसे करावे, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो : माणसाने तिथून पाय काढता घ्यावा, कुंपण घालावे, पाटी लावावी, म्हणजे निसर्ग आपला आपण सुखाने नांदेल. घनदाट रानाच्या बाबतीत हे उत्तर पुष्कळदा बरोबर असते. कुरणाच्या बाबतीत मात्र ते साफ चुकू शकते, आणि त्या चुकीची किंमत फुलांना आणि फुलपाखरांना द्यावी लागते. युरोपातील लोक हे कसे शिकले, आणि शिकल्यावर त्यांनी काय उभे केले, तेवढेच मी आज सांगणार आहे.

पोलंडच्या दक्षिण सीमेवर तात्रा नावाचे पर्वत आहेत. तिथल्या होहोवोव्स्का खोऱ्यात, मार्च-एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळू लागले की, ओल्या जमिनीतून क्रोकसची जांभळी फुले वर येतात. हे झाड आपल्या केशराच्याच कुळातले. सबंध माळ जांभळा होतो, आणि तो पाहायला दूरदूरच्या शहरांतून माणसांची रीघ लागते. आलेल्या प्रवाशाला वाटते की, हा निसर्गाचा अस्पर्श चमत्कार आहे. पण या माळाचा इतिहास निराळा आहे. जंगल तोडून तो मोकळा केला माणसाने. शतकानुशतके त्याला खत घातले मेंढ्यांनी. आणि गवत खाऊन, तुडवून तो आखूड ठेवला तोही मेंढ्यांनीच. उन्हाळ्याच्या शेवटी गवत आखूड राहिले, तरच वसंतात क्रोकसला डोके वर काढायला जागा मिळते.

तात्रा राष्ट्रीय उद्यान स्थापण्याचे १९५४ साली ठरले आणि १९५५ च्या पहिल्या दिवसापासून ते अमलात आले. त्या काळी मेंढ्या फार झाल्या होत्या, उतार उघडे पडून माती वाहून जात होती, हे खरे आहे. तेव्हा उद्यानाच्या चालकांना दोष देण्याचे कारण नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत बहुतेक कळप तात्रातून हलवण्यात आले. आता फुले निर्धास्त वाढतील अशी अपेक्षा होती. घडले उलटे. उंच गवत माजले, वाळलेल्या गवताची जाड गादी जमिनीवर साचू लागली, कडेचे स्प्रूस वृक्ष माळात घुसू लागले, आणि चराई बंद झालेल्या माळांवर क्रोकस विरळ झाला. अखेर १९८० नंतरच्या दशकात, निवडक माळांवर, ठरावीक संख्येने मेंढ्या परत आणण्यात आल्या. आज उद्यानाच्या हद्दीत ‘बात्सा’, म्हणजे मुख्य मेंढपाळ, आपल्या लाकडी खोपटात धुरावर ‘ओस्त्सिपेक’ नावाचे चीज तयार करतो. उद्यानाला तो अडचण वाटत नाही. तो उद्यानाच्या कामातला एक गडीच झाला आहे. त्या चीजच्या नावाला २००८ साली युरोपीय संघाने कायद्याचे संरक्षणही दिले.

एवढ्या एका उदाहरणात आजच्या विषयाचे मर्म आले आहे. आता ते थोडे उलगडून पाहू.

युरोपच्या डोंगरांत कुरणे दोन प्रकारची असतात. आल्प्स पर्वतात साधारणपणे दोन हजार मीटर उंचीच्या आसपास झाडांची सीमा संपते. तिच्या वर थंडीमुळे झाड वाढतच नाही; तिथले गवत निसर्गाचेच. त्या सीमेखालची बहुतेक कुरणे मात्र माणसाने कुऱ्हाडीने मोकळी केलेली आणि पुढे गुराढोरांनी व विळ्याने राखलेली आहेत. हिवाळ्यात गुरे खोऱ्यातल्या गोठ्यात असतात. बर्फ हटू लागले की ती टप्प्याटप्प्याने वर चढतात, ऐन उन्हाळा उंचावरच्या कुरणात काढतात, आणि शरद ऋतूत गळ्यातल्या घंटा वाजवीत गावात उतरतात. गावाजवळच्या उतारांवर गुरे न सोडता गवत वाढू देतात, ते फुलून बी धरल्यावर कापतात, आणि वाळवून हिवाळ्याची वैरण म्हणून साठवतात. कळपांची ही ऋतूप्रमाणे होणारी ये-जा इतकी मोलाची मानली गेली की, २०१९ साली युनेस्कोने ऑस्ट्रिया, ग्रीस आणि इटली या देशांतील ही परंपरा मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. २०२३ साली त्यात आणखी सात देशांची भर पडली.

ही व्यवस्था बेशिस्तीने चालत नव्हती. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात ट्योर्बेल नावाचे एक खेडे आहे. १५१७ साली त्या गावाने नियम केला की, हिवाळ्यात आपल्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून एकही अधिक गाय कोणी सामाईक डोंगरकुरणावर धाडू नये. किती साधा नियम! ज्याच्या गंजीत गवत कमी, त्याची गुरे कमी. श्रीमंताने बाहेरून गुरे आणून सार्वजनिक गवतावर पुष्ट करावीत, ही वाटच बंद झाली. सामाईक मालमत्तेचा नाश अटळ असतो, असे मानणाऱ्या पंडितांना उत्तर देताना एलिनोर ऑस्ट्रॉम या विदुषीने आपल्या १९९० च्या ग्रंथात याच गावाचा दाखला दिला. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपण विचाराल की, गुरांनी चरलेल्या आणि विळ्याने कापलेल्या जमिनीत जीवसृष्टीचे वैविध्य वाढते ते कसे? जैवविविधता हा शब्द आपण वृत्तपत्रांत वाचतो, पण तो डोळ्यांनी पाहावा तर अशा कुरणात. चेक देशाच्या पूर्व सीमेवरील ‘श्वेत कार्पेथियन’ डोंगरांतल्या कुरणांत, सात मीटर लांब आणि सात मीटर रुंद एवढ्या जागेत १३१ जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत. एखाद्या बऱ्यापैकी दिवाणखान्याची जागा ती! तेवढ्याशा जागेत इतक्या जाती जगातील फार थोड्या ठिकाणी सापडतात.

याचे कारण जमिनीच्या गरिबीत आहे. भरपूर खत मिळालेल्या जमिनीत दोनचार दांडगी गवते झपाट्याने वाढतात आणि बाकीच्यांचा सूर्यप्रकाश हिरावून घेतात. जिथून दर वर्षी गवत कापून नेले जाते आणि परत मोजकेच शेण पडते, तिथे कोणीच माजू शकत नाही, आणि म्हणून सर्वांना थोडी थोडी जागा मिळते. गाय गवत सारखे खात नाही. इथे आखूड करते, तिथे सोडून देते, कुठे खुराने माती उकरते. त्या उकरलेल्या मातीत नवे बी रुजते. शिवाय जनावर म्हणजे चालते बियाण्याचे कोठार आहे. जर्मनीतील श्वाबियन डोंगराळ प्रदेशात एका मेंढीच्या अंगावरचे बी संशोधकांनी काळजीपूर्वक वेचले, तेव्हा ऐंशीहून अधिक जातींच्या वनस्पतींचे हजारो दाणे तिच्या लोकरीत आणि खुरांत निघाले. कळप एका कुरणातून दुसऱ्या कुरणात गेला की बी गेले. तेव्हा युरोपातील कुरणे एकमेकांशी जोडणारे पहिले जाळे कोणा सरकारने विणलेले नव्हते. ते मेंढ्यांच्या पायवाटांचे होते.

गेल्या शतकात हे जाळे दोन बाजूंनी तुटू लागले, आणि गंमत अशी की, दोन्ही कारणे एकमेकांच्या अगदी उलट आहेत. जिथे यंत्र जाऊ शकते तिथे शेतकऱ्याने रासायनिक खत टाकले, वर्षातून एकदा-दोनदा होणारी कापणी चार-पाच वेळा केली. गवत दुप्पट-तिप्पट आले, फुले नाहीशी झाली. जिथे यंत्र जाऊ शकत नाही, अशा उभ्या उतारांवर शेतकऱ्याने जाणेच सोडले. मुले शहरांत आणि कारखान्यांत गेली. लांब दांड्याच्या विळ्याने कड्यावरचे गवत कापायला कोण थांबणार? मग आल्प्समध्ये हिरव्या अल्डरची झुडपे पसरली. या झुडपाच्या मुळांतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्यामुळे जमीन श्रीमंत होते, आणि गरिबीत फुलणारी झाडे तिथून हद्दपार होतात.

यात आता तिसरे संकट मिळाले आहे, ते वाढत्या उष्म्याचे. युरोपातील ३०२ शिखरांवरील वनस्पतींच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा २००७ ते २०१६ या दहा वर्षांत शिखरांवर नव्या जाती येण्याचा वेग १९५७ ते १९६६ या दशकाच्या पाचपट आढळला. म्हणजे खालच्या वनस्पती वर सरकत आहेत. वर सरकायला त्यांना वाट हवी. ती वाट झुडपांनी किंवा खताने भारलेल्या शेतांनी अडवली, तर त्यांनी जावे कुठे?

इथे संरक्षणाच्या जाळ्यांचा विचार येतो. पशुपक्ष्यांना राष्ट्रांच्या सीमा ठाऊक नसतात. इटलीत ग्रान पाराडिझो येथे राजाच्या शिकारीसाठी १८५६ साली राखीव रान झाले, आणि त्यामुळेच नामशेष होत आलेला आयबेक्स, म्हणजे मोठ्या बाकदार शिंगांचा डोंगरी बोकड, तिथे तग धरून राहिला. १९२२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. पण हा प्राणी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये जाई, आणि तिथे त्याला अभय नव्हते. १९६३ साली फ्रान्सने सीमेला लागूनच व्हानवाझ येथे आपले पहिले राष्ट्रीय उद्यान केले, आणि १९७२ पासून ही दोन उद्याने जोडीने काम करू लागली. पुढे १९९१ साली आल्प्समधील राष्ट्रांनी पर्वतरक्षणाचा करार केला. १९९५ साली तिथल्या राखीव क्षेत्रांनी आपापसांत एक संघटना उभारली. कार्पेथियन पर्वतांसाठी तसाच करार २००३ साली झाला.

सर्वांत मोठे जाळे मात्र युरोपीय संघाचे. १९७९ साली पक्ष्यांच्या रक्षणाचा आणि १९९२ च्या मे महिन्यात वनस्पती, प्राणी व त्यांच्या वसतिस्थानांच्या रक्षणाचा, असे दोन निर्देश संघाने काढले. त्यांतून ‘नातुरा २०००’ नावाचे जाळे उभे राहिले. त्यात आज सुमारे २७,००० स्थळे आहेत, आणि संघाच्या एकूण भूमीपैकी १८ टक्क्यांहून अधिक भूमी त्याखाली येते. या कायद्यात वाघ-सिंहांसारख्या रुबाबदार प्राण्यांच्या बरोबरीने गवताला मान मिळाला आहे. रक्षणीय वसतिस्थानांच्या यादीत ‘डोंगरी कापणीची कुरणे’ असे स्वतंत्र कलमच आहे! कापणे हा ज्या जागेचा प्राण, ती जागा कायद्याने तशीच ओळखली. राष्ट्रीय उद्यानाप्रमाणे इथे मालकाला उठवीत नाहीत. शेत शेतकऱ्याचेच राहते, शेतीही चालते. फक्त त्या जागेचे वैशिष्ट्य बिघडेल असे काही करण्यापूर्वी त्याचा परिणाम काय होईल, हे तपासावे लागते, आणि दर सहा वर्षांनी प्रत्येक देशाला आपल्या स्थळांची प्रकृती कशी आहे, हे कळवावे लागते.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल की, झाले, प्रश्न सुटला. पण नकाशावर काढलेली रेघ गवत कापत नाही. २०१३ ते २०१८ या काळाचा लेखाजोखा २०२० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कायद्याने संरक्षिलेल्या वसतिस्थानांपैकी जेमतेम १५ टक्क्यांची प्रकृती चांगली असल्याचे आढळले. कुरणांची अवस्था विशेष बिकट निघाली. हे जाळे नसते तर स्थिती याहून वाईट झाली असती, असे मला वाटते; पण केवळ जाळे पुरत नाही, हेही त्या आकड्याने दाखवून दिले.

केवळ कुंपण का पुरत नाही, याची एक फार शिकवणारी कथा इंग्लंडात घडली. ती डोंगरमाथ्यावरची नाही, सखल टेकड्यांवरची आहे, पण जे फुलपाखरू तिचा नायक आहे ते आल्प्सच्या उन्हेरी कुरणांतही राहते. ‘मोठे निळे’ असे त्याचे नाव. त्याची अळी प्रथम रानटी ओव्यासारख्या सुवासिक थाइम वनस्पतीच्या फुलांवर वाढते, मग जमिनीवर पडते. तिथे एका जातीची लाल मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेते, आणि ही पाहुणी पुढचे कित्येक महिने मुंग्यांची पिल्ले खाऊन मोठी होते! १९३० च्या दशकात संग्राहकांपासून वाचवण्यासाठी एका ठिकाणी या फुलपाखरांच्या वस्तीला कुंपण घातले गेले. संग्राहक बाहेर राहिले, पण त्यांच्याबरोबर गुरेही बाहेर राहिली. पुढे १९५० च्या दशकात रोगाने ससेही मेले. गवत बोटाबोटाने वाढले, जमिनीला ऊन लागेना, उबेवर जगणारी ती मुंगी निघून गेली, आणि १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसे झाले. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञांनी हा सारा कार्यकारणभाव उलगडला तोवर उशीर झाला होता. मग १९८३ पासून स्वीडनमधून अळ्या आणून, योग्य ती चराई पुन्हा सुरू करून, ते तिथे परत वसवण्यात आले. प्रेमापोटी घातलेले कुंपणच घातक ठरले, आणि गाईच्या जिभेने काम केले, हे या कथेचे तात्पर्य.

मग खरा प्रश्न उरतो तो पैशाचा आणि मानाचा. उभ्या उतारावर गवत कापण्याचा खर्च त्या गवताच्या किमतीहून अधिक येतो. फुले सर्वांनी पाहावीत आणि तोटा एकट्या शेतकऱ्याने सोसावा, हा न्याय नव्हे. म्हणून संघाच्या शेती-निधीतून अशा कामाबद्दल मोबदला दिला जातो. त्यातील एक युक्ती मला फार आवडते. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याने २००० सालापासून शेतकऱ्यांना २८ रानफुलांची सचित्र यादी दिली. आपल्या कुरणात त्यांतील किमान चार फुले दाखवा, आणि मोबदला घ्या! केव्हा कापायचे, किती गुरे सोडायची, हे कचेरीतल्या साहेबाने सांगायचे नाही; शेतकऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. फ्रान्समध्ये तर फुललेल्या कुरणांची स्पर्धाच भरते. वनस्पतींचे जाणकार आणि शेतीचे जाणकार मिळून कुरणातून हिंडतात आणि निकाल देतात. ज्या बापाला फुलांची जमीन म्हणजे मागासलेपणाची खूण वाटत होती, त्याच्या मुलाला त्याच जमिनीबद्दल बक्षीस मिळते. पैशाइतकेच या मानाचेही मोल आहे.

तरीही सारे गोड आहे, असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. १९९२ साली इटलीतून लांडगे फ्रान्सच्या मेरकांतूर उद्यानात परतले. निसर्गप्रेमी आनंदले, मेंढपाळांची झोप उडाली. त्याच १९९२ च्या कायद्याने लांडगाही रक्षणीय आणि मेंढपाळाचे कुरणही रक्षणीय! मग पांढरेशुभ्र राखणीचे कुत्रे, रात्रीची विजेची कुंपणे, मेलेल्या मेंढ्यांची भरपाई, असे उपाय निघाले. पण वाद मिटला नाही, आणि २०२५ साली संघाने लांडग्याचे संरक्षण एक पायरी खाली आणले. ते योग्य झाले की नाही याविषयी तिथे आजही मतभेद आहेत. मला एवढेच दिसते की, भर पावसात डोंगरावर एकटा राहणारा माणूस जर कंटाळून खाली उतरला, तर लांडगा वाचेल, पण कुरण वाचणार नाही.

उलट बाजूचा दाखलाही प्रामाणिकपणे दिला पाहिजे. स्वित्झर्लंडने १९१४ साली आपले राष्ट्रीय उद्यान स्थापले आणि चराई, कापणी, शिकार सारे बंद केले. तिथली जुनी कुरणे सगळीच झुडपांनी गिळली नाहीत, कारण लाल हरणांचे कळप तिथे आले आणि गाईंचे काम करू लागले. तेव्हा प्रत्येक ठिकाणी मेंढ्या सोडा, असा सरसकट मंत्र कोणी घेऊ नये. चरणारे तोंड कोणाचे, किती आणि केव्हा, हे त्या त्या जमिनीला विचारावे लागते.

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. उत्तराखंडातील फुलांची दरी १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाली आणि मेंढपाळांची चराई थांबली. पुढे एक उंच वाढणारी वनस्पती दरीत फोफावली, आणि चराई बंद केल्यानेच ती वाढली का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. साताऱ्याजवळच्या कास पठारावरील कुंपणाविषयीही तसाच वाद आपण ऐकला आहे. कास म्हणजे आल्प्स नव्हे. तिथला जांभा दगड, तिथला पाऊस, तिथली फुले निराळी. युरोपचे उत्तर उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण युरोपने विचारलेला प्रश्न आपण विचारू शकतो : ही जागा आज जशी सुंदर आहे, तशी ती कोणाच्या श्रमाने झाली? कुंपणाचा पहिला खांब रोवण्यापूर्वी तिथल्या गुराख्याला आणि धनगराला हे विचारले आहे काय?

तात्राच्या खोऱ्यात एप्रिलमध्ये फुले पाहायला येणाऱ्यांना मेंढ्या दिसत नाहीत. त्या महिनाभराने, मे महिन्यात, वर येतात. तोवर फुले सुकून गेलेली असतात आणि प्रवासी घरी परतलेले असतात. मग पावसापाण्यात बात्सा आणि त्याची माणसे सप्टेंबरपर्यंत मेंढ्या राखतात, धार काढतात, चीज करतात, आणि नकळत पुढच्या वर्षीच्या फुलांची तयारी करून ठेवतात. फुलांचे कौतुक करताना त्या माणसांची आठवण ठेवावी, आणि त्यांना डोंगरावर राहणे परवडेल अशी व्यवस्था समाजाने करावी, एवढेच मला सांगायचे होते.